यंदा चंद्राला ओवाळीन

पुणे, आश्विन वद्य द्वादशी, शके १७३९

चिरंजीव भिकाजीस ताईचे पोटभर आशीर्वाद. आम्ही इथे सुखरूप आहोत, तुम्ही वाईस तसेच असा.

काल तिसऱ्या प्रहरी खडकीकडे इंग्रजांशी लढाई जुंपली. आईला मात्र सांग, पुण्यात दिवाळीचं दारूकाम यंदा लवकर सुरू झालं. तिचे गुडघे कसे आहेत?

लुटीच्या भयाने साऱ्या गल्लीने आपापली भांडी एकाच आडात सोडली आहेत. आता पोहरा टाकला की पाण्याआधी शेजारणीचा तांब्या वर येतो. जेवण पत्रावळीवर, म्हणजे रोजच लग्नघर.

इकडची स्वारी फौजेबरोबर गेली आहे. कारकुनावर कोण गोळी वाया घालवील? काल रात्री वाढलेलं पान मी अजून उचललं नाही, इतकंच.

भाऊबीजेला येऊ नकोस, वाटा धड नाहीत. ओवाळायचं तबक तेवढं मी आडात टाकलं नाही. भाऊ जवळ नसला की बायका चंद्राला ओवाळतात, तशी मीही ओवाळीन. पण चंद्र काही तबकात ओवाळणी घालत नाही. ती तुझ्याकडे राहिली. पुढच्या वर्षी स्वतः घेऊन ये.

घ्यायला मी इथेच असेन, असं धरून चाल.

तुझी ताई,
द्वारका