ह्यांची सव्वा मूठ

१३ जुलै १९९६, धुळे
जळगावला शिक्षकांचं शिबिर. एका डॉक्टरबाईंनी चंचल मुलांची लक्षणं सांगितली. ऐकता ऐकता हरवतात, हातातलं अर्धवट टाकून दुसरंच धरतात, वस्तू हरवतात. वर्गातल्या मुलांच्या नावापुढे खुणा करायच्या होत्या. मी स्वतःवरच करत सुटले. एकच खूण करायची राहिली.
चहाच्या वेळी विचारलं, हे मोठ्यांना असतं? "वय वाढलं की जातं, असं आम्ही शिकलो. हल्ली तसं नाही म्हणतात. तपासायचं तर तुमचं लहानपण सांगणारं कुणी आणा, नाहीतर शाळेचे कागद."
छत्री तिथेच राहिली.

१६ जुलै
गेल्या श्रावणापासून डोक्यात एकच. कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचा. मोठ्या सुनेचा मान. मी मध्येच दूध बघायला उठले अन् ह्यांचीच मूठ राहिली. सासूबाई सगळ्यांदेखत, "नवरालेच इसरनी!" मग ह्यांना साधी शिंक आली तरी माझ्याकडे बघायच्या. यंदा मान जाऊबाईंना देणार म्हणे. ह्यांच्यावर माझा जीव नाही म्हणून विसरले, असं त्यांना वाटतं. तेच लागतं मनाला.

२८ जुलै
सोनगीर, माहेरी. मायला विचारलं, लहानपणी मी कशी होते? विहिरीची आठवण काढून हसतच सुटली. "पानी लेवाले धाडं ते हांडा हिरवर नि तू किल्लावर!" पेटीत चौथीचं प्रगतिपुस्तक सापडलं. शेरा: हुशार, पण लक्ष खिडकीबाहेर.
म्हणजे लग्नाच्या कितीतरी आधीपासून! एवढा आनंद कशाचा झाला कोण जाणे.

६ ऑगस्ट
सासूबाईंना सांगितलं. "इसरानं काय दुखनं ऱ्हास?" वाचता येत नाही, तरी प्रगतिपुस्तक उलटसुलट पाहिलं. शेरा दोनदा वाचायला लावला. मग हळूच, "मंग मन्हा पोऱ्यावर राग नव्हता तुन्हा?"
नाही हो. कधीच नव्हता.
डॉक्टरबाईंनी २२ तारीख दिलीय.

२३ ऑगस्ट
रविवारी कानबाई. आज गहू काढला. सासूबाईंनी सूप माझ्याच पुढे सरकवलं. मूठ माझी, नावं त्या घेणार. पहिलं नाव ह्यांचं. मध्ये एकदा उठू लागले तर पदर धरून बसवलं. एकही राहिलं नाही.
गहू झाकताना कॅलेंडर दिसलं. डॉक्टरबाईंची तारीख काल होती. रडूच कोसळलं. आता ही चूक पुरावा धरतील की निष्काळजीपणा? आणि प्रगतिपुस्तक कुठे ठेवलंय...
सासूबाई म्हणाल्या, "सोमवारले कानबाई जाऊ दे. मंगळवारले आपन दोन्ही जाऊत. तुले तुन्हं कोठे याद ऱ्हास? मीच सांगसू बठ्ठं, एकूण एक."