चिपाडात बांधलेली पेटी

२ फेब्रुवारी १९९८
गुळाच्या अडतीवाल्यानं फुकट वाटलेली डायरी. जानेवारी कोरा गेला. चालतंय.

आज ऑर्डर आली. अक्कलकोटकडच्या आमच्या गावच्या भजनी मंडळाला एक पेटी पाहिजे, शिवरात्रीच्या आत. अध्यक्ष हंबीररावांनी लिहिलंय, आपल्या गावचा ज्ञानू कोल्हापुरात पेट्या बनवतो, मग परक्याकडं कशाला जायचं. हे त्यांना आईनं सांगितलं. आईला मी लिहिलं होतं. तसं खोटं नाही. शिवाजी पेठेतल्या ज्या कारखान्यात पेट्या बनतात, तिथंच मी असतो. झाडतो, सरस शिजवतो, पार्सलं बांधतो. याशिवाय पेटी बनवून दाखवा.

हंबीररावांच्या भाचीसाठी, निशिगंधासाठी, आईनं शब्द टाकलाय. ते म्हणाले, पोराच्या हातची पेटी बघू, मग बोलू. म्हणजे पेटी धड पोचली की लग्न.

४ फेब्रुवारी
मालक मल्लिकार्जुन अण्णांनी पेटी करायला घेतली. म्हणालो, सूर लावायला मला बसू द्या. म्हणाले, आधी पार्सल बांधायला शीक, मागची पेटी डोक्यावर उभी राहून पोचली. बाण मी काढला होता. ट्रकवाल्याला वर कुठं ते कळत नाही, त्याला मी काय करू?

दोन वर्षं झाली तरी इथं सगळे मला ‘पावणं’ म्हणतात. पाहुण्याच्या हातात झाडू देणारं हे एकच गाव असेल.

उद्यापासून पाचला उठून सूर शिकणे.

५ फेब्रुवारी, सकाळी ९.१०
थंडी फार. थंडीत सूर उतरतो असं ऐकलंय. उन्हाळ्यात बघू.

११ फेब्रुवारी
पेटी तयार. आवाज बरा आहे. अण्णा जेवायला गेल्यावर झाकणाखाली पेन्सिलीनं लिहिलं, ‘कारागीर ज्ञानू, कोल्हापूर’. सातवी नापासाचं अक्षर वाटत नाही.

भाता अण्णांनी स्वतः आवळून बांधला, पट्ट्यांवर फडकं दाबलं. माझ्यावर एवढाही भरवसा नाही. वर ऑर्डर दिली की खोक्यात रंध्याचा सुका किस गच्च भर. किस म्हणजे कचरा. रोज मीच झाडतो. माझी पेटी सासुरवाडीला कचऱ्यातून जाणार नाही.

१२ फेब्रुवारी
आयडिया आली. चिपाड! उसाचा रस निघाल्यावर उरतं ते. नदीकडं गुंडूचं गुऱ्हाळ आहे, तिथं जाऊन ढिगावर बसून बघितलं. फोमची गादी झक मारते. काकवी प्यालो, दोन वाट्या. गुंडू म्हणाला, ताजं नेऊ नको, चिकट हाय, चार दिवस उन्हात टाक. याला चिपाड चुलाणात घालण्यापलीकडं काही येत नाही, आणि हा मला पॅकिंग शिकवणार. शिवरात्र तेरा दिवसांवर आली. दोन पोती सायकलला बांधून आणली.

१३ फेब्रुवारी
अण्णा लग्नाला गडहिंग्लजला. मोकळं रान. चारी बाजूंनी चिपाड कोंबलं, वरून पायानं दाबलं. हलवून बघितलं, आत हूं नाही की चूं नाही. एवढं घट्ट पार्सल या कारखान्यातून आजवर गेलेलं नाही. ‘नाजूक’ लिहिलं. बाण यावेळी सहाही बाजूंना काढले. आता चुकायला जागाच नाही.

ट्रान्सपोर्टवर बाळासो नावाचा क्लार्क आहे, खोक्याला नाक लावून म्हणाला, पावणं, पेटी हाय का गूळ? हमाल हसले. अशा लोकांच्या तोंडी लागत नाही. खालच्या फळीवर चार मुंगळे दिसले. सांगलीत उतरतील.

१९ फेब्रुवारी
आईनं शेजाऱ्याकडून लिहून घेतलेलं कार्ड. पार्सल पोचलं. हंबीररावांच्या सोप्यात ठेवलंय. शिवरात्रीला सगळ्या गावासमोर पूजा करून उघडणार, निशिगंधाचे वडीलही येणार. खोक्याला गोड वास सुटलाय म्हणे. शुभ लक्षण.

अण्णांनी विचारलं, किस भरलास न्हवं? मी मान हलवली. मान कुठल्या बाजूला हलवली ते त्यांनी बघायला पाहिजे होतं.

२५ फेब्रुवारी, सायंकाळी ६
आत्ता उघडली असेल. अण्णांना सांगून टाकलं, पुढंमागं स्वतःचा कारखाना टाकायचा विचार आहे. अण्णा म्हणाले, सरस करपतोय.

३ मार्च
हंबीररावांचं कार्ड. पत्ता ‘ज्ञानू, पेटी कारखान्याचे मालक’. पोस्टमननं मालकाला दिलं. अण्णांनी भर कारखान्यात मोठ्यानं वाचलं.

खोकं उघडलं तर चिपाड काळं पडून बुरशी आलेली. तरी पेटी पुसली, हार घातला. बुवांनी भाता मारला आणि पट्ट्यांच्या फटीतून मुंगळ्यांची वरात निघाली. बुवांच्या दोन्ही हातांना डसले. बुवा मंडपाबाहेर. निशिगंधाच्या वडिलांच्या धोतरात तीन गेले. मग पेटी झाडून पुन्हा वाजवली, तर असा गोड आवाज की सगळं गाव डोलायला लागलं. झाकणाखालचं नाव हंबीररावांनी सगळ्यांना वाचून दाखवलं. कार्डाच्या शेवटी लिहिलं होतं: ‘कारागीर म्हणून तू एक नंबर. पण तुझ्याकडं पेट्या बांधणारा जो गाढव आहे, त्याला आधी हाकल. हाकलल्याचं कळव, मग मुलीचं बोलू.’

कारखान्यात कुणी हसलं नाही. हसले असते तर भांडता आलं असतं. अण्णांनी कार्ड माझ्या हातात ठेवलं. दोन वर्षांत पहिल्यांदा अहो-जाहो केलं.

‘‘तुम्ही कारागीर न्हवं? मग बांधणाऱ्याला तुम्हीच हाकला की.’’

४ मार्च, सकाळी ७.४०
एस.टी. स्टँड. हंबीररावांना कार्ड टाकलं: ‘बांधणाऱ्याला कामावरून काढलं. तो परत दिसणार नाही.’ यात एक अक्षर खोटं नाही.

अक्कलकोटची गाडी लागली, भरली, गेली. मी बसलो नाही. कारागीर कारखाना सोडून गावी कसा जाईल?