वरच्या पानांना लागलेली कुणकुण

१० जानेवारी १९८६, बोरीवली
गच्चीवरचे काकडीचे वेल हातभर झाले. निम्म्या वेलांच्या सगळ्यात खालच्या पानाला आज बुरशीचं पाणी लावलं. मुद्दाम आजारी पाडलं बिचाऱ्यांना. कॉलेजचे सर म्हणतात, एका पानाला रोग झाला की वेल सावध होतो, वरची पानं आधीच तयारीला लागतात. हे खरं ठरलं तर माझा प्रबंध. मार्चमध्ये द्यायचाय. लग्न ठरतानाच बोलणं झालेलं, एम्.एस्सी. पुरी करायची ती यंदाच.
श्रीधर : "नवऱ्याला कधी इतकं निरखून बघितलंस?" त्याला बुरशी लागली की बघेन.

१६ जाने.
डाग आले! झकास! सासूबाई वर येऊन नाक मुरडून गेल्या. रविवारी माझं पहिलं हळदीकुंकू, गच्चीवरच.

२० जाने.
वाट लागली. काल काळी साडी, हलव्याचे दागिने घालून वर गेले. कुंड्यांना गेरू, खाली रांगोळी, आणि डागाळलेलं एकूण एक पान गायब! सासूबाईंनी तोडून टाकलेली.
"माका काय म्हायत गे! रोगट पाना बघून लोक काय म्हणतले?"
रडले तर हलवा विरघळेल म्हणून रडलेसुद्धा नाही. कुंकू लावत हसत राहिले. बायका गेल्यावर मात्र माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. सासूबाई जेवल्या नाहीत. मीही नाही.

२१ जाने.
सरांना सगळं सांगितलं. वाटलं, आता संपलं. ते नुसते हसले. "पानं बरेच दिवस वेलावर होती ना? मग आता सगळ्याच वेलांवर बुरशी फवारा. बघू तरी."
फवारलं. सासूबाई नाकाला पदर लावून जिन्यात उभ्या.

२९ जाने.
आधी न छेडलेले वेल डागांनी भरून गेले. आणि तोडलेल्या पानांचे? हिरवेगार! कुठे टाचणीच्या टोकाएवढा डाग, तोही तिथेच अडवलेला. पान गेलं, पण जाण्याआधी वर कळवून गेलं!
गच्चीत उड्या मारल्या. सासूबाईंना मिठी मारली, त्या घाबरल्याच. कळल्यावर आधी चहा टाकला, मग सगळ्या मजल्यांवर फिरून आल्या. "प्रयोग आमचो यशस्वी झालो!" आमचो!

३ फेब्रु.
सर खूश, पण : "एकदा झालं ते चुकून. ठरवून करून दाखवा, मग लिहा." कॉलेजच्या बागेतली वाढलेली रोपं दिली. पुन्हा खालची पानं आजारी पाडली. या वेळी काही लवकर तोडायची, काही उशिरा. नाही जमलं तर प्रबंध लंगडा, आणि वर्ष गेलं. तरी मन उगाच आनंदात आहे. सासूबाई सकाळ-संध्याकाळ माझ्याआधी गच्चीवर.

७ फेब्रु.
आज पहिली पानं तोडायची होती. कात्री सासूबाईंच्या हातात दिली, म्हटलं, मान तुमचा. तर हात पुढे होईना.
"इतक्यात निरोप पोचलो असतलो?"
"तेच तर बघायचंय, आई."
"आणि नाय पोचलो तर तुझा काय होतला?"
गुडघे धरून खाली बसल्या, पानाशी तोंड नेलं आणि हळूच विचारलं, "सांगलंस मा रे वरच्यांका?"
पानाला कान लावला. मग कापलं.