रात्री बुकिंग कोण करतं?

सोम. ३ नोव्हें.
पनवेलहून साहेबांचा फोन. फेरीबोटीच्या बुकिंगच्या डेटाबेसची तपासणी आता रोज रात्री बाराला, आपोआप. ती चालू असताना दोन तास बुकिंग बंद. म्हटलं, मी शुक्रवारी दुपारी करते ना, जुम्याच्या नमाजाच्या वेळी. आगरदांड्याच्या जेटीवर तेव्हा कुत्रंसुद्धा झोपलेलं असतं. साहेब हसले. "रात्री बुकिंग कोण करतं, निलोफर?"
कुवेतवाले करतात. सांगेपर्यंत फोन ठेवलेला.

गुरु. ६
काल रात्री तपासणी पहिल्यांदा चालली. सकाळी खिडकीसमोर जुबेदा खाला, मागे मिठाईने भरलेली जीप. बोर्ली पंचतनला नातीची मंगनी. खालाचा मुलगा कुवेतला, ड्युटी सुटली की तिकडून बुकिंग करतो. "पोरानं रात्री सतरांदा केलंन, तुजा कम्प्युटर न्हायच बोलतो!"
गाड्यांची जागा दुपारपर्यंत फुल्ल. शेवटी जीप इथेच ठेवून सांदणांचा डबा कवटाळून एकटीच चालत फेरीत चढली. पलीकडे दिघीला भाच्याला रिक्षा घेऊन बोलावलं.  जाताना मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शुक्र. ७
कालपासून म्हात्रेकाकी आठवतायत. अब्बा कुवेतला होते तेव्हा आख्ख्या आळीत फोन त्यांच्याकडेच. गुरुवारी रात्री अब्बा बूथवरून लावायचे. आम्ही काकींच्या ओट्यावर, अम्मी डोक्यावरची ओढणी सारखी करत, जणू अब्बांना दिसणारच आहे. काकी चहा टाकायच्या आणि गुरुवारी दाराला कडी लावायच्या नाहीत. मला मिळायचं एकच वाक्य, "अब्बा, कधी येणार?" आठवडाभर घोकलेलं. ते दिवस काही सुखाचे नव्हते. तरी परत हवेत.
एका गुरुवारी एक्स्चेंजमध्ये काम काढलेलं, लाईन बंद. अम्मी उजाडेपर्यंत ओट्यावर. पुढच्या गुरुवारी अब्बा एवढंच म्हणाले, "मी होतो गं इथं. लावत होतो."

सोम. १०
साहेबांना खालाचं सगळं सांगितलं. रागातच. आवाज चढला, चढू दे. नमले थोडे. शुक्रवारपर्यंत रात्रीची तपासणी थांबवली. शुक्रवारी दुपारी एकदा करून दाखव म्हणाले, पण बुकिंग मिनिटभरही बंद नको. एक जरी तक्रार आली तर परत रात्रीच, आणि सगळं काम पनवेलची माणसं बघतील. म्हणजे मी घरी.
ठरवलं. तपासणी डेटाच्या कॉपीवर. चालू डेटाची साफसफाई थोडी थोडी, दोन फेऱ्यांच्या मध्ये. गर्दी झाली की तिथेच थांबायचं.

बुध. १२
जेवताना अब्बांना सांगितलं. ऐकू कमी येतं, दोनदा सांगावं लागलं. आमटी भुरकत राहिले. मग म्हणाले, "म्हात्रीणबाय अशी रात्रीची दार लावून झोपली असती तर?"

शुक्र. १४
अजान झाली, सुरू केलं.  अर्ध्यात आले ना पुण्याचे पाहुणे, दोन गाड्या घेऊन! काशीदहून थेट इकडे. सफाई तिथेच थांबवली. खिडकीवरच्या मंगेशने तिकिटं फाडली, ते फेरीत चढले, वर दिघीला मासे कुठे चांगले मिळतात ते विचारून गेले. मग उरलेलं केलं. एकही नोंद बिघडलेली नाही. मंगेश म्हणतो, "झाला पन? मना कललाच न्हाय." एवढं कौतुक मला आयुष्यभर पुरेल.
साहेबांना लगेच कळवलं. त्यांनी थांबवली नाही तर आज बाराला रात्रीची तपासणी परत आपोआप सुरू.
संध्याकाळी जेटीवर खाला भेटली. मुलगा पुढच्या आठवड्याचं बुकिंग आज रात्री करणार, डॉक्टरकडे जायचंय. "होल ना गो?"
होईल म्हटलं. घरी येऊन परत फोन बघितला. साहेबांचं अजून काही नाही.