चित्रातली द्राक्षं

मंगळवार, संध्याकाळ

अखेर सांगून टाकलं. शेतकी कॉलेज सोडून मी युरोपच्या चित्रकलेचा इतिहास घेतला, हे वडिलांपासून वर्षभर लपवलं होतं. आज ते निफाडहून माझ्या खोलीवर आले. त्यांनी ऐकून घेतलं. मग टेबलावरच्या पुस्तकातलं चारशे वर्षांपूर्वीचं डच चित्र न्याहाळू लागले. ताटात द्राक्षं.

“मण्यावर पांढुरका थर हे. भुरीचा रोग नाय हा, ताजा माल हे. हात लागला की जातो हा थर. चित्र काढणाऱ्यानं लय नीट बघितलंय.”

तो थर मला कसा दिसला नाही? आमच्या द्राक्षबागेतच तर वाढले मी.

रागावले असतील का? नसावेत. “अजून कोणी द्राक्षं काढलीत का?” म्हणाले. मी एकेक चित्र दाखवत राहिले. त्यांची पाचची एसटी गेली, तरी उठले नाहीत.