खोकायला आवाज आहे, बोलायला नाही

तीर्थरूप बद्रीदादांना,

शहागंजातून धाकट्या बहिणीचा, सुरेखाचा, वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? सोयगावात यंदा कपाशी बरी निघाली असं ऐकलं. (ऐकलंच, विचारायची सोय नव्हती.) आता सगळं सांगते. शेवटपर्यंत वाचा, मधूनच चष्मा काढून ठेवू नका.

दिवाळीनंतर मला सर्दी झाली, घसा बसला. सर्दी गेली, आवाज काही परत आला नाही. तोंड उघडलं की नुसती कुजबुज. भांड्यांच्या दुकानात कुजबुजून चालतं का? मी गिऱ्हाइकाला म्हणायची, "ताई, हे पातेलं बघा," की तीही इकडंतिकडं बघत हळूच विचारायची, "केवढ्याला?" समोरच्या अत्तरवाल्या चाचांना वाटलं, आम्ही चोरीचा माल विकतोय. मग आमचे हे दुभाषे झाले. मी कुजबुजायची, "झाकण बसत नाही, बदलून देते," की हे गिऱ्हाइकाला सांगणार, "बघा, तीबी म्हणती, लई भारी बसतंय!"

सासूबाईंनी (हेतू चांगलाच) मिरच्या ओवाळून विस्तवावर टाकल्या. असा ठसका लागला, की मी चौकापर्यंत ऐकू जाईल अशी खणखणीत खोकले. सासूबाई थबकल्या. "खोकायला आवाज हाय, अन् बोलायलाच नाय व्हय गं?" संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, सुरेखा नाटक करते. आणि दादा, तुम्ही ह्यांना फोनवर म्हणालात, "दोन ठिवून द्या, आपोआप बोलंल." फोन स्पीकरवर होता. माझा आवाज गेला होता, कान नाही.

मी रडत बसले नाही. एकटीच दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी घशात दुर्बीण घालून पाहिलं, सगळं जागेवर. मग म्हणाल्या, "खोका बरं." मी घाबरत खोकले. "वा!" म्हणाल्या. ज्या खोकल्यावरून मी खोटी ठरले, त्यावरूनच त्यांनी दुखणं ओळखलं. खोकताना आवाज निघतो म्हणजे गळा धड आहे; सर्दीत त्याला बोलायचं चुकीचं वळण लागलं, ते सोडवता येतं. दुखणं खरं आहे, सोंग नाही. मी कुजबुजले, "सगळे विचारतात, मनाला काय लागलंय?" त्या म्हणाल्या, "असेलही, नसेलही. ते सापडेपर्यंत मुकं राहायची गरज नाही."

तिथं आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या अमृता नावाच्या मुलीनं मला आवाजासकट गुळण्या करायला लावल्या (म्हशीसारखी दिसत होते, असो), मग ओठ मिटून गुणगुणायला, मग मका, मीठ, मामा. 'मामा' म्हणताना माझाच आवाज निघाला आणि मीच दचकले. ती म्हणाली, "आता मनातलं मोठ्यानं बोला." मी बोलले, "मी नाटक करत नव्हते!" बाहेर बाकावरचे पेशंट उठून उभे राहिले.

अजूनही दमले की आवाज घोगरा होतो, मग गुणगुणते. लोक विचारतात, "खरं काय झालं होतं?" पाय मुरगळला तर कुणी पायाला त्याचा हेतू विचारत नाही. माझ्या गळ्यालाही विचारायचा नाही. तुम्ही माफी मागू नका, तुम्हाला जमणार नाही.

तुमची,
सुरेखा

ता. क. काल मुक्ताबाई वहिनींशी फोनवर बोलले. संक्रांतीपासून त्यांचे शब्द दातांशी अडकतात, आणि तुम्ही मागून ओरडत होता, "नखरे नको, नीट बोल!" सोमवारी सकाळच्या एसटीत त्यांना बसवून द्या. काय आहे ते डॉक्टर तपासून सांगतील, तुम्ही नाही.

आणखी ता. क. नाही बसवलंत, तर मंगळवारी मी न्यायला येते, आवाजासकट. वहिनींना विचारलंय. "ये-ये-येते," म्हणाल्या. वेळ लागला म्हणून काय झालं, होकार तो होकारच.