तुमच्या पायांची नखं

गुरुजी, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी माझा तुमच्यावरचा राग उतरलेला नाही, म्हणून लिहितोय. मी तुमच्याकडे शीर्षासन शिकायला आलो होतो. पहिल्याच रविवारी तुम्ही माझ्या हातात नेलकटर ठेवलं आणि मला नांदेडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. "ज्यांची माणसं जवळ न्हाईत, त्यांची नखं काप. आपला योग हाच." शीर्षासन कधी, असं मी विचारलं. "आधी लोकांच्या पायाशी बसता येऊ दे. डोकं कुठं पळून चाललंय?"

पहिले पाय हिमायतनगरच्या एका चाचांचे. मी नेलकटर आधी उलटंच धरलंय, चाचा उशीवरून बघतायत. "बेटा, नखंच काप बरं का. बोटं राहू दे, चप्पल नवी हाय." अख्खा वॉर्ड हसला. मी मात्र कॉलेजात, पानठेल्यावर, जिथं तिथं माझी सेवा सांगत सुटलो. ते तुमच्या कानावर गेलं. "नखं कापली दहा, सांगितलं वीस जणांना. जा, अजून एकाचे पाय धर, म्हणजे बरोबरी होईल."

पुढं मी वर्तमानपत्रात लोकांची टर उडवणारं सदर लिहू लागलो आणि तुम्ही त्याच वॉर्डात, खाटेवर येऊन पडलात. मी नेलकटर घेऊन आलो. सोबत आमचा फोटोग्राफरही होता. तुम्ही दोन्ही पाय चादरीत ओढून घेतले. "ह्याला आधी चहा पाजून वाटेला लाव. मग काप." भर वॉर्डात पाणउतारा! मी फुगलो, उद्या येतो म्हणालो. दुसऱ्या दिवशी सदर द्यायचं होतं. तिसऱ्या दिवशी तुम्ही नव्हतात.

श्रद्धांजलीच्या लेखात मी लिहिलं, 'अखेरच्या दिवशी गुरुजींची नखं मी माझ्या हातांनी कापली.' लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. दर गुरुपौर्णिमेला ते वाक्य व्हॉट्सॲपवर फिरतं. आता त्याच वाक्यापायी लातूरची एक संस्था येत्या रविवारी मला 'सेवायोगी' पुरस्कार देऊन राहिलीय. शाल, श्रीफळ आणि मंचामागं भल्यामोठ्या अक्षरांत ते वाक्य. फोन आला तेव्हा मी हो म्हणून बसलो.

काल मात्र नकार कळवायला बसलो. चादरीत ओढलेले पाय, माझं फुगणं, लेखातली थाप, काही लपवलं नाही. लिहून झाल्यावर तीनदा वाचलं. गुरुजी, इतकं झकास मी वर्षभरात काही लिहिलेलं नाही. संस्थेला ते अजून पाठवलेलं नाही. आधी संपादकांना दाखवावं, असं मनात येऊन राहिलंय.